ठरवलेल्या रकमेच्या वर माल भरला जातो, आवर कसा घालायचा?

काउंटरवाली

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज दुपारची सामसूम आहे म्हणून लिहूनच टाकते. कराडला माझं स्टेशनरी-कटलरीचं (बांगड्या, टिकल्या, क्लिपा वगैरे) दुकान आहे, बारा बाय दहाचा गाळा आणि वर एक माळा. सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीनंतर ठरवलं की महिन्याला दीड लाखाच्या वर माल भरायचा नाही. वहीत लिहिलं, काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलंसुद्धा. नोव्हेंबरात 1 लाख 90 हजार झाले, डिसेंबरात 2 लाख 10, जानेवारीत म्हटलं आता काय वाट्टेल ते होवो, तर 2 लाख 5. आणि गंमत म्हणजे प्रत्येक खरेदी त्या त्या वेळी बरोबरच वाटते हो. सेल्समन येतो, ताई डझनावर एक फ्री आहे, आजच शेवटचा दिवस. पुण्याला गेले की यादीत नसलेल्या दोन पिशव्या येतातच. मग महिनाअखेर गाळ्याचं भाडं द्यायला नवऱ्याच्या पगाराकडे हात पसरायचा, आणि तो काही बोलत नाही हे जास्त लागतं.

विक्री अडीच लाखाच्या आत-बाहेर असते. दुकानात माल पाच-साडेपाच लाखाचा असेल. आता फेब्रुवारी संपत आलाय, वह्यांच्या बुकिंगचे फोन सुरू झालेत, त्याआधी शहाणं व्हायचंय. तुम्ही लोक स्वतःला कसं आवरता? "मनाचा निग्रह करा" हे सोडून सांगा, तो करून झालाय.

गल्लेलठ्ठ

निग्रह आमच्याकडे डझनावर एक फ्री आहे, पाठवू का?

पाटीपेन्सिल

ताई, माझ्या वडिलांचं दुकान होतं वाईला, आता बंद केलं. त्यांच्याकडे दोन डबे असायचे, एक पार्ले बिस्किटचा आणि एक डालड्याचा. रोज रात्री गल्ला मोजला की शंभरातले ऐंशी डालड्याच्या डब्यात, ते मालाचे. उरलेले वीस दुसऱ्यात, त्यात भाडं, लाईट बिल, पोऱ्याचा पगार आणि आम्ही. व्यापारी वसुलीला आला की फक्त डालड्याचा डबा उघडायचा. डबा रिकामा असेल तर ऑर्डर नाही, मग समोर कंपनीचा मालक येऊन बसला तरी नाही.

मला वाटतं आता त्रास असा झालाय की सगळं क्यूआरवर येतं आणि एकाच खात्यात पडतं. फोनवर 1 लाख 40 हजार दिसतात आणि वाटतं, आहेत की पैसे. त्यातले किती मालाचे, किती भाड्याचे, किती जीएसटीचे ते कुठे लिहिलेलं असतं? मालासाठी वेगळं खातं काढा आणि रोज रात्री तिकडे टाका. एवढ्या एका गोष्टीने निम्मा प्रश्न सुटेल.

रविवारपेठी

धागा वाचून हसू पण आलं आणि थोडं अपराधी पण वाटलं कारण "ताई हा शेवटचा रेट" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. पुण्यात घाऊकमध्ये आहे, बोहरी आळीच्या जवळच. तेव्हा काउंटरच्या पलीकडची बाजू सांगतो, आमच्या धंद्यातले लोक रागावले तर रागावोत.

एक म्हणजे स्कीम ही बहुतेक वेळा आमच्या गोडाऊनमध्ये पडलेल्या मालावर असते. जो माल आपोआप उचलला जातो त्यावर कोण कशाला फ्री देईल? दुसरं, सेल्समन 25 तारखेनंतर जास्त गोड बोलतो, त्याचं महिन्याचं टार्गेट राहिलेलं असतं. तेव्हा त्याच्याकडून जी सवलत मिळते ती 5 तारखेला मिळत नाही हे खरं, पण तुम्हाला लागणाऱ्या मालावर तीच सवलत 27 तारखेला मागून बघा की. तो देतो. मागतच नाही कोणी, सगळे तो दाखवेल तेच बघतात.

तिसरं, गिऱ्हाईक यादी घेऊन आलंय की फिरत आलंय हे आम्हाला दारातच कळतं. फिरत आलेल्याला आधी चहा. चहा पोटात गेला की माणूस "दाखवा काय नवीन आलंय" म्हणतोच, हा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आणि एक कोणी करत नाही ती गोष्ट, नवीन आयटम घेताना माल बदलून घ्यायची बोली आधीच करा. दोन महिन्यांत नाही खपला तर पाकीट न फोडलेला माल परत आणणार आणि त्या रकमेचा दुसरा नेणार. जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणत नाही.

काउंटरवाली

@रविवारपेठी चहा!!! मला दर वेळी वाटायचं काय माणसं आहेत, किती आपुलकी.

तर्रीपोहा

मी नागपूरचा, किराणा दुकान आहे, त्यामुळे थोडं उलट बोलतो, राग मानू नका ताई. हे बजेट-बिजेट ऐकायला बरं वाटते पण दुकान भरलेलं दिसलंच पाहिजे. मी दोन वर्षांपूर्वी असंच डोक्यात घेतलं होतं, हात आखडून माल आणला. तुरीची डाळ आहे तर हिंग नाही, हिंग आहे तर पापड नाही. गिऱ्हाईक एकदा म्हणते नाही का, बरं. दुसऱ्यांदा विचारतच नाही, समोरच्या दुकानात जाते, आणि महिन्याची पूर्ण यादीच तिकडे जाते. एका हिंगाच्या डबीपायी चार हजाराची यादी गेली माझी. त्यात आता दहा मिनिटांत घरपोच देणारे आले. तर काहून इतकं आखडायचं? माल घरात आहे म्हणजे पैसा घरात आहे.

खडूस_काका

माल घरात म्हणजे पैसा घरात? मग एकदा लाईट बिल हिंगाने भरून बघा.

तर्रीपोहा

काका 😀 मानलं. पण मुद्दा समजून घ्या, किराण्यात माल पंधरा दिवसांत फिरतो. ताईंची कटलरी आहे, तिचं वेगळं असेल.

हिशोबी_मांजर

तर्रीपोहांच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे खरं तर. मी स्वतः दुकानदार नाही, कपड्यांच्या एका साखळीत खरेदीच्या नियोजनात नोकरी करतो, बंगळुरूला. आमच्याकडे याला ओपन टू बाय म्हणतात. नावाला घाबरू नका, चार ओळींची बेरीज-वजाबाकी आहे. महिन्यात जेवढा माल विकला जाणार तो मूळ किमतीत, म्हणजे तुमच्या खरेदीच्या भावाने धरा, त्यात महिनाअखेर दुकानात किती माल असावा असं वाटतं तो मिळवा, त्यातून आज दुकानात असलेला माल वजा करा, आणि ऑर्डर दिलीय पण अजून यायचाय तोही वजा करा. उरेल ती त्या महिन्याची खरेदी. म्हणजे आकडा दर महिन्याला नवा निघतो, वर्षभर दीड लाख म्हणजे दीड लाख असा चिकटवून ठेवायचा नसतो.

इथे दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिली चूक, अडीच लाख विकले म्हणून अडीच लाखाचा माल भरायचा. अहो त्या अडीच लाखात तुमचा नफा आहे. सरासरी 26 टक्के मार्जिन धरलं तर गेलेला माल साधारण 1 लाख 80 हजारांचा. म्हणजे विकलं त्याच्यापेक्षा दर महिन्याला जास्त आत येतंय, आणि ते कुठेतरी साचतंय. दुसरी चूक म्हणजे यायचा माल विसरणे. फोनवर ऑर्डर सोडलेली असते, ती लिहिलेली नसते, मग महिन्याच्या मध्येच ट्रान्सपोर्टवाला दोन गठ्ठे आणून टाकतो.

पण ताई, खरा प्रश्न मला वेगळाच दिसतोय. "माल पाच-साडेपाच लाखाचा असेल" असं लिहिलंय तुम्ही. असेल म्हणजे? शेवटचा कधी मोजलात?

काउंटरवाली

मार्चअखेरीला सीएंना आकडा द्यायचा असतो तेव्हा... अंदाजाने सांगते. मारू नका.

गल्लेलठ्ठ

सगळा महाराष्ट्र अंदाजाने सांगतो ताई, घाबरू नका. आमचे सीएच विचारतात, गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त लिहू ना?

मु_पो_चिपळूण

हसण्यावारी नेऊ नका मंडळी, या अंदाजाची किंमत मी मोजलीय. माझं इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअर, बाजारपेठेत. 2021 च्या जूनमध्ये वायरवर जोरदार स्कीम होती, पावसाळ्यात नंतर भाव वाढतील म्हणून ठासून भरली. पंपाचे सुटे भाग, स्विच, सगळंच. आणि 22 जुलैला पूर आला. पाणी माळ्याला टेकलं होतं. विमा होता हो, पण आठ लाखांचा, दुकान घेतलं तेव्हाच्या अंदाजाने काढलेला आणि दर वर्षी तसाच चालू ठेवलेला. सर्व्हेअरने खरेदीची बिलं मागवून माल काढला 14 लाखांचा. नुकसान झालं होतं साडेदहा लाखांचं. मला वाटलं आठ तर मिळतील. मिळाले सहा. कारण मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी असला की नुकसानभरपाई पण त्याच प्रमाणात कापतात, चौदाला आठ तर साडेदहाला सहा. हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. चूक माझीच.

म्हणजे स्कीममध्ये वाचवलेले पैसे सोडाच, तो माल मी घेतलाच नसता तर बुडालाही नसता आणि विम्याचा हिशोबही इतका फाटला नसता. तेव्हापासून जून ते सप्टेंबर गरजेपुरतंच, आणि खालच्या दोन फळ्यांवर फक्त पीव्हीसी पाईपचे जोड. भिजले तरी पुसून विकता येतात.

पाटीपेन्सिल

बाप रे. खालच्या फळ्यांचं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सांगलीवाडी

आमच्याकडे 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच. नदीकाठच्या दुकानदाराने माल किती भरायचा हे हवामान खात्याला विचारून ठरवावं अशी वेळ आलीय. (अवांतराबद्दल क्षमस्व)

वहीवाला

अवांतर निघालंच आहे तर, माल पडून राहायला पूरच यायला लागतो असं नाही, सरकारी कागद पण पुरतो. 23 जून 2018 पासून प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू झाली तेव्हा माझ्याकडे पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या मिळून 40 हजारांचा माल होता. गेला. 2023-24 ला पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. मी वह्यांचं बुकिंग नेहमीसारखं करून बसलो होतो, आमच्या भागात झेडपीच्या शाळाच जास्त, त्या वर्षी दुरेघी आणि एकरेघी 100 पानी इतक्या उरल्या की पुढच्या वर्षी पण त्याच विकत होतो. पुढे 2025 ला तो निर्णय मागे घेतला, तोवर मी बुकिंग निम्म्यावर आणलेलं, मग जूनमध्ये वह्या कमी पडल्या. आमचं नशीबच रेघी.

आणि आत्ताचं ताजं. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांचा जीएसटी शून्यावर आला. गिऱ्हाइकासाठी चांगलंच आहे. पण ज्याच्याकडे 12 टक्के भरून घेतलेल्या वह्यांचा साठा होता त्याचं काय? नेहमीचा जीएसटी असेल तर शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करायचं, आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांनी विक्रीवर ठोक दराने कर भरायची सोय) असाल तर क्रेडिट मुळातच नाही, तो कर मालाच्या किमतीत बसलेला. समोरचा नवीन माल स्वस्तात आणून विकतोय. तेव्हा माझ्याकडे वह्यांचा साठा योगायोगाने कमी होता म्हणून वाचलो. शहाणपण नव्हतं ते, उधारी थकल्यामुळे व्यापाऱ्याने माल दिला नव्हता 😀

काउंटरवाली

मी कंपोझिशनमध्येच आहे. माझ्याकडे तेव्हा लाँगबुकचे सहा गठ्ठे होते. आता कळलं ऑक्टोबरात शेजारचा तीन रुपयांनी कमी कसा देत होता, मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले.

खडूस_काका

मूळ धाग्यावर येतो. नाशिकला पेंट-हार्डवेअर, 34 वर्षं. माझं म्हणणं असं की स्कीम सरसकट वाईट नाही, उगाच सोवळं नको. गणित करा. बारावर एक फ्री म्हणजे 13 नगांना 12 चे पैसे, पावणेआठ टक्के सूट. समजा तो माल संपायला दहा महिने लागले, तर पैसे सरासरी पाच महिने अडकले. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट, मालावर मिळणारं फिरतं कर्ज) व्याज महिन्याला एक टक्का धरलं तर पाच टक्के गेले. तरी पावणेतीन टक्के सुटलेच की.

हिशोबी_मांजर

काका गणित बरोबर आहे पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्यात. तेराच्या तेरा नग खपले, सीसीत जागा शिल्लक होती, आणि त्या पैशात दुसरं काहीच करता आलं नसतं. पेंटचा पांढरा प्रायमर असेल तर तिन्ही खऱ्या. पण केसाच्या क्लिपांचं तसं नाही, दहा महिन्यांत फॅशन दोनदा बदलते. शिवाय ताईंकडे सीसी नाहीये, त्यांची सीसी म्हणजे नवऱ्याचा पगार.

उलट जी खरी स्वस्ताई आहे ती कोणी बघत नाही. बरेच व्यापारी आठ दिवसांत रोख दिले तर 2 टक्के सोडतात, नाहीतर महिन्याची उधारी. 2 टक्के काय मोठेसे वाटतात, पण ते फक्त 22-23 दिवस आधी देण्याचे आहेत. वर्षाच्या हिशोबात तो दर 30 टक्क्यांच्या वर जातो. स्कीमच्या मालात पैसे अडकल्यामुळे ही सूट दर महिन्याला हातची जाते.

खडूस_काका

2 टक्क्यांचं मान्य. मी घेतो. प्रायमर म्हणजे प्रायमरच, तुम्हाला कसं कळलं?

रविवारपेठी

रोखीवर सूट देतो आम्ही, पण सगळ्यांना सांगत नाही 🙂 मांजरीने पिशवीतलं बाहेर काढलं.

गल्लेलठ्ठ

माझ्या घरी याच विषयावर काल चर्चा झाली. बायको म्हणाली, दुकानात बजेट पाळता, मग मोबाईलचे चार्जर घरात नऊ कसे? माझं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. जो माल खपत नाही तो घरी येतो. आमच्या आईच्या साध्या फोनला पण चकाकीवालं कव्हर आहे.

शिवणयंत्र

ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान. माझी सवय सांगते, नवीन काही दिसलं की फोटो काढायचा, घ्यायचं नाही. घरी येऊन रात्री बघायचा. सकाळी पण हवंसं वाटलं तर फोनवर ऑर्डर. दहातले दोनच राहतात. बाकी आठ कुठले ते पण आठवत नाही.

तर्रीपोहा

हे मला पटलं. बायकोलाही लागू आहे का हे तंत्र, म्हणजे तिच्या साड्यांना? (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या)

शिवणयंत्र

तुमच्या मिसळीला लागू करा आधी.

काउंटरवाली

बारा दिवस गायब होते. धाग्यावर कोणी शिव्या घातल्या नाहीत म्हणून आभार, आणि आता मी काय केलं ते सांगते.

मांजरीचा तो प्रश्न डोक्यात बसला. दोन रविवार दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी, नवरा आणि नववीतली मुलगी असं तिघांनी माल मोजला. सगळा. माळ्यावरचा पण. बिलं काढून मूळ किंमत लावली, जुनी बिलं नव्हती तिथे कमीत कमी धरली. उत्तर आलं 9 लाख 20 हजार. मी पाच-साडेपाच म्हणत होते. नवरा कॅल्क्युलेटर घेऊन नुसता बसला होता, परत बेरीज कर म्हणाला, परत तेच आलं.

आता त्यातली गंमत. तीन भाग केले. स्टेशनरी 2 लाख 60 हजारांची, आणि महिन्याला मूळ किमतीत 1 लाख 15 हजारांची जाते. म्हणजे सव्वादोन महिन्यांचा माल. कटलरी 5 लाख 10 हजारांची आणि महिन्याला जाते 50 हजारांची. दहा महिन्यांचा माल! गिफ्टचं सामान दीड लाखाचं, जातं 15 हजारांचं, ते पण दहा महिन्यांचं. आणि मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते की स्टेशनरीत काही सुटत नाही, 17 टक्के कसेबसे, खरा पैसा कटलरीत, 40 टक्के. म्हणून पैसे आले की कटलरी भरायची.

मुलीने वहीवर मांडलं. कटलरीत महिन्याला 33 हजार सुटतात, पण त्यासाठी 5 लाख 10 हजार गुंतलेत, म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला साडेसहा. स्टेशनरीत साडेतेवीस हजार सुटतात 2 लाख 60 हजारांवर, म्हणजे शंभरामागे नऊ. म्हणजे ज्या स्टेशनरीला मी नाकं मुरडत होते ती रुपयाला जास्त कमवून देते. मला खरंच रडू आलं, म्हणजे वाईट वाटून नाही, कसं सांगू, इतकी वर्षं रोज समोर होतं आणि दिसलं नाही.

माळ्यावर काय काय निघालं विचारू नका. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, मधले 2.4 आणि 2.6 गेलेले आणि टोकाचे माप उरलेलं, कारण पेटी मापं मिसळूनच घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या राख्या 9 हजारांच्या, धातूचं काम काळं पडलेलं. 300 वेलवेटच्या क्लिपा. मुलगी म्हणाली आई ह्या आता कोणी फुकट पण लावणार नाही.

हिशोबी_मांजर

ताई, तुमच्या मुलीला आमच्या कंपनीत पाठवा, आमचे एमबीए तीन स्लाइड घेतात हे सांगायला.

आता तुमचे आकडे सूत्रात घालू. महिन्याला माल जातो 1 लाख 80 हजारांचा. 9 लाख 20 चा साठा सहा महिन्यांत 7 लाखांवर आणायचा म्हटला तर दर महिन्याला साधारण 37 हजार कमी करायचे. म्हणजे खरेदी 1 लाख 43 हजार. गंमत बघा, तुम्ही काउंटरला चिकटवलेला दीड लाख हा आकडा जवळपास बरोबरच होता. फक्त तो सगळ्या दुकानाचा एक होता, म्हणून सगळ्यात जास्त बोलक्या सेल्समनच्या वाट्याला गेला. भाग पाडा. स्टेशनरीला 1 लाख 15, म्हणजे जातं तेवढं आणा. कटलरीला 25 हजार, फक्त रोजचं, टिकल्या, रबर, पिना, चालणाऱ्या मापाच्या बांगड्या. गिफ्टला जुलैपर्यंत शून्य.

काउंटरवाली

शून्य? रक्षाबंधन-गणपती येतात की लगेच नंतर.

हिशोबी_मांजर

म्हणूनच जुलैपर्यंत म्हटलं. शिवाय तुमच्याकडे गिफ्टचा माल दहा महिने पुरेल इतका आहे, माळ्यावरून खाली आणा, गिऱ्हाइकाला तो नवीनच.

वहीवाला

वह्यांच्या बुकिंगचं काय ठरवलंत? हे सगळं गणित जूनमध्ये कोलमडतं. मार्च-एप्रिलमध्ये जातंय त्यापेक्षा जास्त भरायलाच लागतं, त्या दोन महिन्यांत सूत्र सरळ लावलं तर शाळा सुरू होताना दुकान रिकामं. सिझनची रक्कम वेगळी काढा, महिन्याच्या 1 लाख 15 मध्ये मोजू नका. आणि बुकिंग एकदम करा पण डिलिव्हरी तीन टप्प्यांत घ्या, एप्रिल अखेर, मे अखेर, आणि शेवटचा टप्पा शाळा सुरू झाल्यावर. शाळा सुरू झाल्यावर बाई कुठली वही सांगतात ते कळतं, चौरेघी की दुरेघी, तेव्हाच शेवटचा टप्पा ठरवायचा. आगाऊ पैसे दिले तर रेट धरून ठेवतात.

तर्रीपोहा

ताई, मी मागे उलट बोललो होतो, तर मी पण मोजलं परवा. सगळं नाही, फक्त मसाले आणि साबण. मसाल्यात तारीख उलटून गेलेले 11 हजार निघाले. हिंग सात डब्या, त्यातल्या चार जुन्या. ज्या हिंगापायी मी तुम्हाला इतकं ऐकवलं तो होताच माझ्याकडे, मागे पडला होता.

खडूस_काका

लाईट बिल आलं का?

म्हापशेकर

वाचनमात्र होतो, आता बोलतो. बांगड्यांची टोकाची मापं म्हणजे नेमकी कुठली? आमच्या शुक्रवारच्या बाजारात माझा चुलतभाऊ बांगड्यांना बसतो, त्याच्याकडे मोठं माप कायम कमी पडतं. मूळ किमतीला जमत असेल तर बघू. हिरवा रंग आहे का त्यात?

रविवारपेठी

आता म्हापशेकरांना पण आधी चहा द्या ताई.

काउंटरवाली

@म्हापशेकर 2.2 थोड्या आहेत, 2.10 मात्र 38 डझन, त्यात हिरव्या साधारण निम्म्या. फोटो व्यनि (खासगी निरोप) करते. मूळ किमतीला नाही जमलं तरी बोला, माळा मोकळा होतोय.

@वहीवाला बुकिंग केलं काल, तीन टप्प्यांत. तो आधी नाही म्हणत होता, मी म्हटलं मग राहू दे, तर दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला.

आणि खरं सांगायचं तर परवा सेल्समन आला होता, मोत्यांच्या बक्कल घेऊन. शिवणयंत्र ताईंसारखा फोटो काढला, रात्री बघितला. सकाळी दोन कार्ड मागवली. दोनच. कटलरीच्या 25 हजारांतून.